रमणं, रुळणं, मुरणं : नागझिऱ्याच्या वाटेवरचे नवखे

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय 'नवखेपण' असा ठेवला आहे. तत्त्वज्ञानाचा माणूस बोलायला उभा राहिला की पहिली पंधरा मिनिटं व्याख्या करण्यात जातात, याची तुम्हाला सवय आहे. आज ते टाळतो. आपण थेट एका ठिकाणी जाऊ, तीन-चार पुस्तकं उघडू, आणि व्याख्या लागलीच तर वाटेत करू.

ठिकाण आहे नागझिरा. गोंदिया जिल्ह्यातलं अभयारण्य. १९७० साली ते अभयारण्य झालं, तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आसपासची नावं ऐका : नागझिरा, पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी. सगळ्या नावांत पाणी झिरपतंय. आणि या पाण्याच्या ओढीनं मराठीतले निदान तीन नावाजलेले लेखक बाहेरून इथे आले. व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली आणि किरण पुरंदरे. एक माणदेशातले, एक सोलापूरचे, एक पुण्याचे. तिघांनीही या भागावर लिहिलं. आपण ती पुस्तकं 'निसर्गलेखन' या कप्प्यात ठेवतो आणि 'जंगलाशी एकरूप झालेला लेखक' असं म्हणून मोकळे होतो.

माझी तक्रार या 'एकरूप' शब्दाबद्दल आहे. हा शब्द समीक्षेतला आळस आहे. परमुलखात गेलेला माणूस तिथे कसा सामावतो, किंवा सामावत नाही, हा अवघड प्रश्न त्या शब्दानं झाकला जातो. म्हणून ही पुस्तकं आज मी निसर्गलेखन म्हणून वाचणार नाही. नव्या मुलखात आलेल्या माणसांची पुस्तकं म्हणून वाचणार आहे.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण इथे ते सांगावंच लागेल. मी मूळचा साताऱ्याकडचा. १९७७ साली झाडीपट्टीतल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला आलो. जुलै महिना. वर्गात पंचवीस नावं आणि समोर सहा मुलं. आठवडाभर तेच. मी चिडलो. शिस्त, ज्ञानाची आस वगैरे मोठमोठे शब्द वापरून त्या सहा जणांना बोल लावले. म्हणजे जे आले होते त्यांनाच! शेवटी एक मुलगा हळूच म्हणाला, ''सर, रोवनी सुरू हाये ना.'' मला कळेना. रोवणी म्हणजे काय? त्यानं मला समजावलं : पऱ्हे उपटून बांधीत लावायचे दिवस. पाऊस पडला की हे काम थांबत नाही, घरातले सगळे हात चिखलात असतात. मी म्हटलं, ''अच्छा, म्हणजे भाताची लावणी.'' तो हसला. म्हणाला, ''सर, भात ताटात. बांधीत धान.''

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, माझं मराठी इथे अपुरं होतं. आणि दुसरी जास्त महत्त्वाची : मी जे अज्ञान त्या मुलांचं समजत होतो, ते माझं होतं.

आल्फ्रेड शुट्झ नावाचे तत्त्वज्ञ होते. मूळचे व्हिएन्नाचे, नाझींमुळे देश सोडून १९३९ साली न्यू यॉर्कला गेलेले. १९४४ साली त्यांनी 'परका' या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, प्रत्येक समूहाजवळ रोजच्या जगण्याच्या तयार रीती असतात. स्वयंपाकाच्या पाककृतीसारख्या. अमुक वेळी अमुक करायचं. का, ते कुणी विचारत नाही, विचारायची गरजही नसते. नवखा येतो तेव्हा त्याच्याजवळ या पाककृती नसतात. त्याच्याजवळ असते त्याच्या आधीच्या गावातून आणलेली कल्पना. त्या मुलखाबद्दलची, पण त्या मुलखाबाहेर बनलेली. ती लांबून बघायला ठीक असते, वागायला निघालं की मोडते. माझी ती जुलैमध्येच मोडली.

आता मराठीत यासाठी शब्द कोणते आहेत ते बघा. आपली भाषा याबाबतीत फार शहाणी आहे. आपण म्हणतो, 'तो तिथे रमला.' आपण म्हणतो, 'आता रुळला.' आणि फार वर्षं झालेल्या माणसाबद्दल म्हणतो, 'मुरलेला आहे.' हे तीन शब्द एकाच पायरीची तीन नावं नाहीत. रमणं हे मनाचं आहे. मला छान वाटतंय, एवढंच ते सांगतं. समोरच्या जागेला माझी खबर असायची गरज नाही. रुळणं हे पायांचं आहे, वाट रुळते तसं. रोज त्याच वाटेनं गेल्यामुळे वाटही बदलते आणि पायही. आणि मुरणं? कैरी मिठात मुरते. तिथे कैरीची कैरी राहत नाही, पण खारही पहिल्यासारखा राहत नाही. मुरण्याला दोन्ही बाजू लागतात, आणि वेळ लागतो. बरणी हलवून, उन्हात ठेवून तो थोडा कमी करता येत असेल, पण टाळता येत नाही.

हे तीन शब्द हातात ठेवून पुस्तकांकडे जाऊ.

पहिलं, माडगूळकरांचं 'नागझिरा'. माणदेशातला माणूस. माडगूळ म्हणजे कोरडा मुलूख, खुरटी झुडपं, दुष्काळ. तारुण्यात शिकार केलेला हा लेखक उतारवयाकडे झुकताना बंदूक बाजूला ठेवून, नुसतं पाहायला, एकटा राहायला नागझिऱ्याला येतो. हातात वही आणि चित्रं काढायची पेन्सिल. मागे कुठेतरी थोरो उभा आहे. वॉल्डन तळ्याकाठी १८४५ पासून दोन वर्षं राहिलेला. माडगूळकरांचं गद्य तुम्हाला ठाऊक आहे. शब्द कमी, नजर पक्की. पुस्तकात जंगल दिसतं, वास येतो, पाण्यावर येणारी जनावरं दिसतात.

पण नवखेपणाच्या बाजूनं वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. या पुस्तकातल्या माणसाची तिथे कुणाला गरज नाही. माणसं आहेत, पण ती सोबतीला, मदतीला, कडेकडेनं. लेखक कुणाचं काही लागत नाही. कुणी त्याच्याकडे काही मागत नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. उलट पुस्तकाचा प्रामाणिकपणा असा की लेखक स्वतःला पाहुणाच म्हणवतो, पाहुण्यासारखाच वागतो आणि पाहुण्यासारखाच निघतो. तो रमला. त्यानं रुळल्याचा आव आणला नाही. आव आणतो तो आपण वाचक. 'माडगूळकर जंगलाशी एकरूप झाले' हे आपलं वाक्य आहे, त्यांचं नाही.

आणि गंमत बघा. नवख्या माणसाचं मराठीतलं बहुधा सगळ्यात चांगलं पुस्तक याच लेखकानं आधी लिहून ठेवलं होतं. 'बनगरवाडी', १९५५. राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा पोरगा, शाळामास्तर म्हणून धनगरांच्या वाडीत येतो. शाळेत मुलं नाहीत. वाडीला शाळा नकोच आहे. मग तो रुळतो कसा? शिकवून नाही. लोकांची पत्रं लिहून, त्यांची कामं तालुक्याला नेऊन, भांडणात मध्ये पडून. वाडी त्याला वापरायला लागते, आणि वापरता वापरता आपला म्हणायला लागते. त्याच्यावर विश्वास टाकणारा कारभारीच मध्येच गैरसमजानं त्याच्यावर रागावतो, तेव्हा वाचकाला चटका बसतो. पण तो राग हीच खरी खूण आहे. पाहुण्यावर कुणी असं रागावत नाही.

म्हणजे पहिला मुद्दा असा निघतो : जंगलात नवखं असणं आणि गावात नवखं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगल तुम्हाला स्वीकारत नाही आणि नाकारतही नाही. गाव दोन्ही करतं. म्हणून जंगलात रमणं सोपं आणि गावात रुळणं अवघड. 'नागझिरा' आणि 'बनगरवाडी' शेजारी ठेवून वाचा. हात तोच आहे, पण एका पुस्तकात लेखक पाहतो, आणि दुसऱ्यात नायकाला पाहिलं जातं. नवखा रुळायला लागतो तो त्याला पाहिलं जायला लागतं तेव्हा.

आता चितमपल्ली. हा मामला निराळा. चितमपल्ली नागझिऱ्याला हौसेनं आलेले नाहीत, ते नोकरीनं आले. सोलापूरचा जन्म, १९३२ चा. कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण. मग वनखात्यात, आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही जंगलं. बदलीचा माणूस. आपल्याकडे लाखो माणसं अशीच परमुलखात जातात. मास्तर, तलाठी, नर्स, बँकेतले लोक. त्यांनी जागा निवडलेली नसते. कागद येतो, ट्रंक भरायची, निघायचं. 'झाडीपट्टीत बदली' हे शब्द आमच्या काळात पुण्या-मुंबईकडे शिक्षा झाल्यासारखे उच्चारले जात. आजही फार बदललं आहे असं नाही.

शिवाय चितमपल्ली वर्दीतले. वनखात्याचा साहेब आणि जंगलाकाठचा माणूस यांच्यातलं नातं काय असतं, ते इथल्या लोकांना सांगायला नको. सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता, गुरांची चराई, सगळ्या वाटेवर साहेब उभा. अशा माणसाला गाव काय शिकवणार? गाव साहेबाला शिकवत नाही, गाव साहेबाला सांभाळतं. त्याला जे आवडतं ते सांगतं, बाकीचं झाकतं. अधिकार असलेल्या नवख्याची ही मोठी अडचण आहे. त्याच्याशी सगळे गोड बोलतात, म्हणून त्याला काहीच कळत नाही.

चितमपल्लींनी ही अडचण कशी ओलांडली? मला वाटतं, त्यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली इथे आहे. त्यांनी गुरू केला. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार. पक्षी, मासे, तलाव, झाडं यांचं पिढ्यांचं ज्ञान असलेले गृहस्थ. 'नवेगावबांधचे दिवस' आणि इतर लेखनात चितमपल्लींनी हे ऋण उघडपणे मांडलं आहे. कोइमतूरहून शिकून आलेला अधिकारी गावातल्या माणसापुढे विद्यार्थी होऊन बसतो, आणि हे छापून सांगतो. माधवरावांचं नाव आज महाराष्ट्रभर माहीत आहे ते यामुळे. पुस्तकात माडगूळकरांचा नागझिरा एकट्याचा आहे. चितमपल्लींचं नवेगाव दोघांचं आहे.

यातून काय झालं? भाषा बदलली. काकागार, सारंगागार, रातथारा... कावळ्यांची विणीची वसाहत, बगळ्यांची वसाहत, पक्ष्यांची रात्रीची बसायची जागा. हे शब्द मराठी वाचकापर्यंत आले ते चितमपल्लींच्या लेखनातून. पुढे त्यांनी 'पक्षीकोश' केला. आता लक्षात घ्या, बहुतेक नवखे आपली भाषा घेऊन येतात आणि तिथल्या बोलीला 'अशुद्ध' म्हणतात. झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. डोळा म्हणायच्या ऐवजी 'डोरा' म्हणतात. आमच्या कॉलेजात बाहेरून आलेले आम्ही लोक स्टाफरूममध्ये यावर हसायचो. मीही हसलोय, नाकारत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचं काम आयुष्यभर नेटानं केलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ती चूक नाही, ती एक व्यवस्था आहे. चितमपल्ली मात्र शब्दांसाठी हात पसरत गेले. जो शब्द मागतो तो लवकर रुळतो. कारण शब्द मागणं म्हणजे 'मला येत नाही' असं कबूल करणं. आणि 'मला येत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला खेड्यात कुणी उपाशी ठेवत नाही.

आता टीकाही करायला हवी, नाहीतर ही समीक्षा कसली. चितमपल्लींच्या लेखनात एक ओढ आहे, गूढाकडे जाण्याची. आदिवासी माणूस, वैदू, जुना जाणकार हे त्यांच्या पानांवर अनेकदा ज्ञानाचे ठेवे म्हणून येतात. त्यांचं कर्ज, त्यांचे खात्याशी असलेले तंटे, त्यांची मुलं शाळेत जातात की नाही, हे क्वचित येतं. ज्ञान देणारा माणूस दिसतो, जगणारा माणूस धूसर होतो. मला हे त्यांच्या वर्दीचं उरलेलं अंतर वाटतं. गुरू केला तरी वर्दी पूर्ण उतरत नाही. म्हणून मी म्हणेन, चितमपल्ली रुळले, पुष्कळ अंशी मुरलेही. आणि तरी शेवटी काय झालं? विदर्भात इतकी दशकं काढून ते अखेरच्या काळात सोलापूरला परतले. २००६ सालचं साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. काही लोकांना यात विसंगती वाटली, 'जंगल सोडून शहरात का गेले' वगैरे. मला वाटली नाही. एखाद्या मुलखात मुरणं म्हणजे मूळ गाव पुसून टाकणं नव्हे. त्या परतण्यामुळे त्यांचं झाडीतलं आयुष्य खोटं ठरत नाही.

तिसरे किरण पुरंदरे. पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारा हा माणूस नागझिऱ्यात चारशे दिवस राहिला आणि त्यावर 'सखा नागझिरा' लिहिलं. आकडा नीट ऐका, चारशे. म्हणजे वर्षाहून थोडं जास्त. एका वर्षात सगळे ऋतू एकदा भेटतात. त्यानंतरचे ते पस्तीस दिवस मला महत्त्वाचे वाटतात. कारण त्या दिवसांत ऋतू पहिल्यांदा 'परत' येतो. आणि परत आलेला ऋतू ओळखता येणं, ही रुळण्याची सुरुवात आहे. पाहुणा सगळं पहिल्यांदा बघतो. रुळलेला माणूस म्हणतो, 'यंदा मोह लवकर आला.' 'यंदा' हा शब्द उच्चारायला मागचं वर्ष तिथे काढलेलं असावं लागतं.

पुरंदऱ्यांच्या बाबतीत पुढची गोष्ट पुस्तकाबाहेरची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुस्तक पूर्ण होत नाही. ते पुढे पुणं सोडून पत्नीसह पिटेझरीला राहायला गेले. जंगलाच्या वेशीवरचं गाव, साकोली तालुका. लक्षात घ्या, परत आले ते जंगलात नाही, गावात आले. जंगलाचा सखा होऊन झाल्यावर गावाचा शेजारी व्हायला आले. माझ्या दृष्टीनं हा प्रवास फार बोलका आहे. सिमेल नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १९०८ साली म्हणून ठेवलं आहे की परका म्हणजे आज येऊन उद्या जाणारा वाटसरू नव्हे; आज येऊन उद्याही राहणारा, तो परका. वाटसरूला कुणी परका म्हणत नाही, त्याला चहा देतात आणि रस्ता दाखवतात. परकेपणाचा प्रश्न सुरू होतो मुक्काम ठरल्यावर. म्हणजे 'सखा नागझिरा'चा लेखक खऱ्या अर्थानं नवखा झाला तो पुस्तक लिहून झाल्यावर, पिटेझरीत घर केल्यावर.

इथपर्यंत तीन लेखक झाले. आता मला थोडं अडचणीचं बोलायचं आहे.

आपण 'बाहेरून आलेला' आणि 'इथला' असे दोन गट करून बोलतोय. पण झाडीपट्टीत 'इथला' कोण? माधवराव पाटील ज्या समाजातले, तो कोहळी समाज. तलाव बांधण्यात आणि ऊस लावण्यात यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्याबद्दल जुनी आख्यायिका अशी की चांद्याचा कुणी गोंड राजा काशीला गेला, तिथलं बागायत पाहून हरखला आणि या लोकांना घेऊन आला. १९१६ साली रसेलनं मध्य प्रांताच्या जातीजमातींवर ग्रंथ लिहिला, त्यात ही कथा नोंदवली आहे. गोंदियातले पोवार स्वतःचं मूळ माळव्यात, धारकडे सांगतात. नवेगावचा प्रचंड तलाव बांधला तो कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. मालगुजारी गेली तेव्हा असे तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चे लोकांनी 'मामा तलाव' करून टाकले. सरकारी शब्दालाही इथे नातं चिकटतं, हे मला फार आवडतं.

तर कोहळी आख्यायिकेनुसार बाहेरचे. पण त्यांना आज कुणी बाहेरचे म्हणेल का? त्यांनी तलाव बांधला. त्या पाण्यावर दुसऱ्यांचं धान पिकलं. सिमोन वेल या फ्रेंच विदुषीनं १९४३ मध्ये लंडनमध्ये, स्वतः देशाबाहेर असताना, मुळं धरण्याच्या गरजेवर लिहिलं. तिचा गाभा असा की माणूस मुळं धरतो तो समूहाच्या जगण्यात प्रत्यक्ष भाग घेऊन. भावना ठेवून नव्हे. कोहळ्यांनी हे वेलच्या दोनशे वर्षं आधी मातीत करून दाखवलं. मुरणं म्हणजे काय, याचं माझ्यापाशी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

पण सगळ्यांना ही मुभा मिळते का? याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. नॉर्ग्येलिंग तिचं नाव. बर्फाच्या पठारावरची माणसं विदर्भाच्या मे महिन्यात आणून वसवली. त्यांची इथे जन्मलेली मुलं मराठी बोलतात, हिंदी बोलतात. रुळली म्हणाल तर रुळली. पण कागदावर निर्वासित. म्हणजे रुळणं हे नुसतं त्या माणसाच्या चांगुलपणावर, शिकण्यावर अवलंबून नाही. कायदा, जमीन, सरकारी कागद यांचाही त्यात वाटा आहे. हे 'एकरूप' म्हणणाऱ्या समीक्षेत कुठेच येत नाही.

आणि शेवटची, माझ्या मनात सगळ्यात खुपणारी गोष्ट. आपण ज्या शांत, निर्मनुष्य जंगलाचं वर्णन पुस्तकात वाचतो, ते जंगल निर्मनुष्य करावं लागतं. नवेगाव राष्ट्रीय उद्यानातून कालीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावं उठली आणि सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामनगर म्हणून वसली. त्या गावकऱ्यांना नंतर आपल्या मागण्यांसाठी आंदोलनं करावी लागली. हीसुद्धा स्थलांतरितच माणसं. अंतर काही कोसांचंच असेल. पण बोडी वेगळी, देवाचं ठाणं वेगळं, मोहाची झाडं कुणाची तरी दुसऱ्याची. शुट्झच्या भाषेत सांगायचं तर पाककृती हातात आहे, पण तिच्यातला एकही जिन्नस नव्या घरात मिळत नाही. सिंहावर, वाघावर, एकांतावर आपण प्रेमानं वाचतो. या माणसांचं पुस्तक मात्र आपल्या कपाटात या तीन पुस्तकांशेजारी नाही. तिथे एक जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हे ओळखणं हा या तीन पुस्तकांच्या वाचनाचा भाग झाला पाहिजे. त्यानं त्या लेखकांचं मोठेपण कमी होत नाही. आपलं वाचन मात्र जरा खरं होतं.

वेळ झाला आहे. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, तुम्ही स्वतः यांपैकी कुठल्या पायरीवर आहात?

हे विचारणार याची खात्री होती! सांगतो. निवृत्तीनंतर मुलगा म्हणाला, साताऱ्याला चला. गेलो होतो. चार महिने राहिलो. तिथे एकानं मला विचारलं, ''तुमचं गाव कोणतं हो? बोलण्यावरून विदर्भातले वाटता.'' आणि इथे परत आलो तर भाजीवाल्या बाई म्हणाल्या, ''गुरुजी, तुमच्याकडे साताऱ्याला पाऊस कसा हाये?'' सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं झाली मला इथे. तर मी दोन्हीकडे बाहेरचा आहे, आणि दोन्हीकडे लोक माझ्या गावाच्या पावसाची चौकशी करतात. पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. मुरलो का, ते मी सांगायचं नसतं. लोणचं स्वतःची चव सांगत नाही.

प्रश्न : आज नोकरीसाठी पुण्याहून, मुंबईहून इकडे येणाऱ्या तरुणांना काय सांगाल?

उपदेश करायचं वय आहे, पण मोजकंच सांगतो. एक, पहिलं वर्ष तुलना करू नका. 'आमच्याकडे असं असतं' हे वाक्य वर्षभर तोंडातून काढायचं नाही. दुसरं, एक गुरू करा, आणि तो तुमच्यापेक्षा कमी शिकलेला असू द्या. तिसरं, कुणाच्या तरी उपयोगी पडा. अर्ज लिहून द्या, मुलीचं गणित घ्या, दवाखान्यात सोबत जा. राजाराम मास्तरनं तेच केलं. चौथं, दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं लागतात, रात्रभर चालतात. जाऊन बसा. थंडी असते, घोंगडी न्या. पहिल्या वर्षी नाटक कळणार नाही, दुसऱ्या वर्षी कळेल. तिसऱ्या वर्षी कुणीतरी पुढच्या रांगेतून वळून म्हणेल, ''सर, उशीर केला आज.'' तेवढं झालं की ट्रंक पलंगाखाली सारायला हरकत नाही.

आणि हो, जुलैमध्ये वर्ग रिकामा दिसला तर चिडू नका. बांधीवर जाऊन या.